अर्धी हकीकत

देवासहून धारला जावयाचे म्हणजे आधी इंदूर गाठावे लागते. देवास ते इंदूर सुमारे चाळीस किलोमीटर, आणि तेथून बेटमा, घाटाबिल्लोद अशी गावे मागे टाकीत धार आणखी साठ-पासष्ट. या रस्त्याने नित्य जाणारांपैकी कोणाला कचोरीचे नामांकित दुकान ठाऊक असते, कोणाला चहाची टपरी. मला गेली सहा वर्षे या शंभर किलोमीटरांतील प्रत्येक शौचकूप ठाऊक आहे. हे वाक्य या मासिकात लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. परंतु ज्या दुखण्याविषयी लिहावयाचे ते दुखणेच असे आहे, की सभ्यपणाने त्याचे वर्णन करू लागले तर त्यातले खरे असे काहीच उरत नाही.

मूळचे आम्ही कारवारकडचे. आजोबा नोकरीनिमित्त माळव्यात आले आणि येथलेच झाले. घरात कोकणी, शेजारी मराठी आणि कोर्टात हिंदी, अशा तीन भाषांत माझा दिवस जातो. वकिली देवासला; पण धारच्या न्यायालयातही दोन-तीन जुने जमिनीचे दावे आहेत, त्यांच्या तारखांना तेथे जावे लागते. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मला आव पडू लागली. प्रथम आठ दिवस मी ती उन्हाळ्याच्या माथी मारली, पुढील आठ दिवस एका लग्नातील जेवणाच्या. तिसऱ्या आठवड्यात रक्त दिसले, तेव्हा मात्र दोष देण्यास कोणी उरले नाही. इंदूरच्या एका डॉक्टरांनी दुर्बिणीने आतडे तपासले, आतील अस्तराचे चिमूटभर तुकडे काढून प्रयोगशाळेत पाठविले, आणि सांगितले, "अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आहे, व्रण आहेत. शरीराचे संरक्षण करणारे शिपाईच आपल्या घरावर चालून गेले आहेत असे समजा."

"बरे केव्हा होईल?" मी विचारले.

"हा रोग जात नाही, वकीलसाहेब. तो झोपतो. त्याला झोपलेला ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे."

त्यांनी मेसालामिनच्या गोळ्या दिल्या आणि त्या बरे वाटल्यावरही थांबवावयाच्या नाहीत असे दोनदा बजावले. मी मान डोलावली. पक्षकारही माझ्यापुढे अशीच मान डोलावतात.

एखाद्याला रोग जडला की त्याच्या नावाचा इतिहास शोधण्याची खोड वकिलालाच असावी. पण या नावाचा इतिहास मजसारख्याने शोधावा असाच निघाला. १८५९ साली लंडनजवळ रिचमंड येथे इझाबेला बँक्स नावाची बाई दीर्घ अतिसाराने मरण पावली. तिच्याबरोबर राहणारा डॉक्टर टॉमस स्मेथर्स्ट याने तिला विष घातले असा आरोप आला. आल्फ्रेड टेलर हे त्या काळचे विषशास्त्रातील मोठे प्रमाण मानले जात. त्यांनी एका बाटलीत सोमल सापडल्याचे सांगितले. पुढे त्यांनाच कबूल करावे लागले, की तो सोमल त्यांनी परीक्षेसाठी वापरलेल्या तांब्याच्या जाळीतूनच आला होता. तरीही ज्यूरीने स्मेथर्स्टला दोषी ठरविले आणि त्यास फाशीची शिक्षा झाली. सॅम्युएल विल्क्स या वैद्याने मृत बाईचे आतडे पाहून जे पत्र छापले, त्यात व्रणयुक्त आतड्याचे ते वर्णन आले, आणि या रोगाचे नाव वैद्यकाच्या वाङ्मयात रूढ होण्याचा आरंभ तेथून मोजतात. मागाहून स्मेथर्स्टला क्षमा मिळाली. आधीची बायको जिवंत असता दुसरे लग्न लावल्याबद्दल मात्र त्याने एक वर्ष तुरुंग भोगला. माझ्या रोगाचे बारसे असे खुनाच्या खटल्यात झालेले आहे, हे कळल्यापासून मला त्याच्याविषयी थोडी आपुलकी वाटू लागली, असे म्हटले तर डॉक्टर रागावतील.

घरी मात्र खटला निराळाच उभा राहिला. माझ्या आईच्या मते जगातील सर्व उदररोगांवर एकच औषध आहे, आणि ते म्हणजे कुडा. कारवारहून कोणी येणार असले की वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली कुड्याची साल आलीच म्हणून समजावे. ती ताकात उगाळून घ्यावयाची. जोडीला डाळिंबाच्या सालीची तंबळी आणि दुपारी मऊ पेज. "पेज जेव, पूता," हे शब्द त्या दिवसांत मी जितके ऐकले तितके लहानपणीही ऐकले नव्हते. आजीने कुड्याच्या सालीवर अर्धा गाव बरा केला, ही आमच्या घरातील निर्विवाद हकीकत आहे, आणि ती खोटी नाही. संस्कृतात ज्याला कुटज म्हणतात तो हाच, आणि त्याच्या बियांना इंद्रयव म्हणतात. इंग्रजी अमदानीत 'कुर्ची' या नावाने तो सरकारी औषधांतही शिरला होता, कारण आव पाडणाऱ्या अमीबा नावाच्या सूक्ष्म जंतूला त्यातील एक कडू द्रव्य मारते. आजीच्या गावातील आव ही बहुधा जंतूंची आव होती. रक्त तेच, शेम तोच, मुरडा तोच. पण कारण निराळे. माझ्या आतड्यात शत्रू असा कोणी नव्हताच, घरच्याच फौजेचे बंड होते. आजीच्या यशाचा दाखला माझ्या प्रकरणाला लागू करणे म्हणजे निराळ्या तथ्यांवर दिलेला निकाल आपल्या दाव्यात वाचून दाखविणे होय, आणि न्यायाधीश तसे चालू देत नाहीत. उलट बाजूचाही घोटाळा होऊ शकतो, आणि तो अधिक वाईट. जंतूंची आव असताना कोलायटिस समजून स्टेरॉइड दिले तर रोग भडकतो. म्हणून शहाणा डॉक्टर आधी मलाची तपासणी करवितो. त्या तपासणीची लाज धरणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत.

"हा तर साहेबलोकांचा रोग," असेही एका नातेवाइकांनी सांगितले. तसे ते नाही. लुधियानाकडील लोकसंख्येची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली, तीत लाखामागे चव्वेचाळीस माणसांना हा रोग आढळला. आपल्याकडे तो नव्हता असे नव्हे; तो आवेच्या नावाखाली दडून बसला होता.

धारच्या तारखांमुळे माझी तेथील एका वृद्ध वैद्यांशी ओळख झाली. वय ऐंशीच्या घरात, दवाखाना जुन्या वस्तीतील एका ओसरीवर, आणि नाडी पाहताना डोळे मिटून घेण्याची सवय. त्यांनी मला ग्रहणीचे प्रकरण समजावून सांगितले, तिखट आणि जागरण सोडावयास लावले, बेलफळाचा गर आणि शल्लकीचे चूर्ण सुरू केले. शल्लकी म्हणजे आपली साळई. धारच्या दक्षिणेस नर्मदेकडे उतरू लागले की कोरड्या डोंगरांतून ही कागदासारख्या सालीची झाडे दिसतात. तिचा डिंक धूप म्हणून देवापुढे जळतो, आणि हत्तीला तिचा पाला प्रिय म्हणून जुन्या कोशांत तिला गजभक्ष्या म्हटले आहे. जे देवाला चालते आणि हत्तीला मानवते ते वकिलाला का मानवू नये, असा माझा युक्तिवाद होता.

आणि ते मानवले! तीन महिन्यांत मला एकदाही रक्त दिसले नाही. मी धारेहून परतताना घाटाबिल्लोदला उतरलो नाही, बेटम्याला उतरलो नाही, सरळ घरी आलो. ती संध्याकाळ मला अजून आठवते. त्याच रात्री मी मनाशी एक निकाल देऊन टाकला, की हे काम वैद्यांचे आहे, गोळ्यांचे नव्हे. श्रावणात मी गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांना सांगितले नाही, कारण ते रागावतील. वैद्यांनाही सांगितले नाही, कारण गोळ्या चालू आहेत हेच मी त्यांना कधी सांगितले नव्हते. आपल्या औषधावर अविश्वास दाखविला असे त्यांना वाटेल, ही भीती. बायकोपुढे मी रिकामी पाकिटे तशीच डब्यात ठेवीत गेलो.

देवास हे गाव इतिहासात एका विनोदी गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंच्या वंशांची दोन संस्थाने, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात नांदत होती. दोन राजे, दोन दरबार, दोन न्यायालये. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा चिटणीस होता, त्याने यावर मोठ्या गमतीने लिहिले आहे. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. माझ्या पोटात मात्र त्या वर्षी पुन्हा दोन दरबार भरले, आणि एका दरबाराला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

देवासच्या हवेविषयीही येथे लिहिले पाहिजे, कारण माझ्या त्या निर्णयात तिचाही वाटा होता. कुमार गंधर्व १९४८ च्या आरंभी क्षयाने जर्जर होऊन येथे आले, ते माळव्याच्या कोरड्या हवेसाठी. टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी अंथरूण धरले, गाणे बंद झाले, आणि पडल्या पडल्या कानावर येणारी माळवी लोकगीते त्यांनी मनात साठविली. पुढे ते उठले, गाऊ लागले, आणि १९९२ साली जाईपर्यंत हेच गाव त्यांचे राहिले. "देवासच्या हवेने कुमारांना वाचविले," हे वाक्य आमच्याकडे लहान मुलालाही पाठ असते. मीही ते अभिमानाने पाहुण्यांना ऐकवीत आलो आहे. पण अंथरुणाला खिळल्यावर मी ती हकीकत पुन्हा वाचली, तेव्हा ध्यानात आले, की त्यांना उठविले ते १९५२ च्या सुमारास मिळालेल्या स्ट्रेप्टोमायसिनने. योगायोग असा, की ज्या १९४८ साली ते देवासला आले त्याच वर्षी विलायतेत त्या औषधाच्या परीक्षेचा अहवाल प्रसिद्ध झाला. क्षयाच्या १०७ रोग्यांपैकी ५५ जणांना विश्रांतीसह औषध दिले, ५२ जणांना नुसती विश्रांती, आणि कोणाच्या वाट्याला काय यावे हे चिठ्ठ्यांच्या न्यायाने आधीच ठरवून लखोट्यात बंद केले होते. सहा महिन्यांनी पहिल्यांपैकी चौघे मरण पावले होते, दुसऱ्यांपैकी चौदा. दुसऱ्या गटातीलही बरेच सुधारले होते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांच्यापैकी प्रत्येकाने आपापल्या गावी जाऊन सांगितले असेल, की विश्रांतीने मी बरा झालो. आणि ते खोटे बोलत नव्हते. हवेने, विश्रांतीने, भानुमतीबाईंच्या शुश्रूषेने कुमारांना औषध येईपर्यंत तगवून धरले असेल, हे मी आजही मानतो. तगविणे निराळे आणि बरे करणे निराळे.

माघ महिन्यात आमच्या मंदिरात समाराधना होती. पंगत बसली, भात वाढून झाला, तोयीचा वास सुटला, आणि मला उठावे लागले. भरल्या पंगतीतून उठणे म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले ते अजून मला दिसते. त्या रात्री अकरा वेळा, दुसऱ्या दिवशी सोळा वेळा, आणि प्रत्येक वेळी रक्त. तिसऱ्या दिवशी ताप भरला आणि इंदूरच्या इस्पितळात मला नेण्यात आले. स्टेरॉइड शिरेतून, रक्ताच्या दोन पिशव्या. आतडे फुगले तर शस्त्रक्रिया करून ते काढावे लागेल, अशी कागदावर सही.

डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या नियमित चालू होत्या ना?" मी होय म्हणणार होतो. माझी जीभ तसे म्हणण्यास सज्जही झाली होती. तेवढ्यात सौभाग्यवतीने आपल्या पिशवीतून चूर्णाच्या डब्या, सालीची पुरचुंडी आणि गोळ्यांची पाच महिन्यांची न उघडलेली पाकिटे काढून खाटेवर मांडली. ती पाकिटे माझ्या टेबलाच्या खणात मुखत्यारपत्रांखाली तिला त्याच सकाळी सापडली होती. "अहो, आता तरी सगळे सांगा," एवढेच ती म्हणाली. बावीस वर्षे मी साक्षीदारांची उलटतपासणी केली आहे. इतका संपूर्ण पुरावा इतक्या थोड्या शब्दांत दाखल झालेला पाहिला नाही.

नऊ दिवसांनी रोग वळला. आतडे जागेवर राहिले.

महिन्याने मी धारला गेलो तो वैद्यांवर थोडा रुसूनच. त्यांनी सारे ऐकून घेतले, नाडी पाहिली नाही, आणि म्हणाले, "वकीलसाहेब, गोळ्या बंद करा असे मी केव्हा म्हटले होते?"

"आपल्याला त्या ठाऊकच नव्हत्या."

"तेच म्हणतो मी. तुम्ही मला अर्धा कागद दाखविलात आणि अभिप्राय पुऱ्या कागदावर घेतलात."

ज्या गावात हे बोलणे झाले त्या गावच्या राजाविषयी भोजप्रबंधात एक कथा आहे. भोजाला असह्य मस्तकशूळ झाला; कोणाचेच औषध चालेना, तेव्हा त्याने साऱ्या वैद्यांना हाकलून औषधे नदीत टाकण्याची आज्ञा केली. अखेर अश्विनीकुमार ब्राह्मणवेषाने आले, त्यांनी मोहचूर्णाने राजाला बेशुद्ध करून कपाळ उघडले आणि आत शिरलेली मासळी काढली. कथा कविकल्पित आहे, पण रोग्याचा तो संताप कल्पित नाही. मी वैद्यांना हाकलले नाही, इतकेच. मी दोघांनाही ठेवून घेऊन दोघांनाही अंधारात ठेवले, आणि भोजापेक्षा हा मार्ग अधिक सोयीचा मानला.

त्यानंतर मी वनौषधींविषयीचे पुरावे नीट वाचले. त्यांत सर्वच थट्टेवारी नेण्यासारखे नाही. साळईच्या डिंकावर भारतात एक लहानसा प्रयोग होऊन १९९७ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांत शंभरी ८२ रोग्यांचा रोग शमला, तुलनेला ठेवलेल्या सल्फासॅलेझिनने ७५. माणसे फार थोडी होती, म्हणून तो साक्षीदार एकटा पुरेसा नाही. पण त्याला कोर्टातून हाकलताही येत नाही. हळदीची साक्ष याहून चांगली. जपानात २००६ साली ८९ रोग्यांवर सहा महिने परीक्षा झाली. हळदीतील कर्क्युमिन रोज दोन ग्रॅम घेणाऱ्या ४३ जणांपैकी दोघांचा रोग उलटला, न घेणाऱ्या ३९ पैकी आठांचा. मात्र येथे दोन गोष्टी लोक गाळून सांगतात. ती हळद नेहमीच्या औषधाबरोबर दिली होती, त्याच्या ऐवजी नव्हे. आणि दोन ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे दुधातील चमचाभर हळद नव्हे. हळदीत ते शंभरी तीनच्या आसपास असते, म्हणजे रोज साठ-सत्तर ग्रॅम हळद फाकावी लागेल. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिले, तेव्हा खोट्या गोळीहून ते सरस ठरले नाही. तो निष्कर्ष २०१७ चा. इसबगोल तर आमच्या माळव्याचेच पीक. स्पेनमध्ये १९९९ साली शांत झालेल्या रोग्यांना त्याचे बी रोज दोनदा दहा-दहा ग्रॅम दिले, आणि वर्षभरात रोग उलटण्याचे प्रमाण मेसालामिन घेणारांइतकेच आले. चिनी वैद्यकातील नीळ तर इतकी गुणकारी, की जपानात तिने कित्येकांचा रोग शमविला. पण काहींच्या फुप्फुसाच्या धमन्यांत रक्ताचा दाब चढला, आणि २०१६ मध्ये तेथील सरकारला इशारा द्यावा लागला. जे झाडापासून आले ते निरुपद्रवी, हा समज माझ्या मनातून त्या निळीने पुसला. ज्याला गुण आहे त्याला अवगुणही असू शकतो, मग ते कारखान्यात होवो वा रानात.

आणखी एक साक्षीदार आमच्या हमरस्त्याच्या भिंतीवर उभा आहे. 'आतड्याचे जुने व्रण मुळापासून बरे, खात्रीशीर', आणि खाली दूरध्वनीचा क्रमांक. औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा ज्या रोगांच्या उपचाराची जाहिरात करू देत नाही, त्यांच्या यादीत पचनमार्गातील व्रण आहेत. सत्तर वर्षे कायदा आहे आणि भिंतही आहे. मी त्या क्रमांकावर एकदा बोललो होतो, हेही येथे लिहून टाकतो. चूर्ण मागविले नाही ते शहाणपणामुळे नव्हे, तर त्यांनी पैसे आगाऊ मागितले म्हणून.

आज माझा क्रम असा आहे. गोळ्या चालू, दिवाळी असो वा एकादशी. इसबगोल रात्री, तेही डॉक्टरांना विचारून. रोग जागा असेल तेव्हा नाही. साळईचे चूर्ण वैद्यांनी स्वतःच कमी केले आणि यकृताची तपासणी करवून घेण्यास सांगितले. कुड्याची साल त्यांनी परत पाठविली, तेव्हा आई दोन दिवस त्यांच्यावर नाराज होती. पेज मात्र दोन्ही दरबारांनी मंजूर केली. आठ वर्षे पूर्ण झाली की आतड्याची दुर्बीण पुन्हा आणि पुढे ठराविक काळाने करावी लागेल, कारण जुन्या सुजेत कर्करोगाचा धोका वाढतो. ती तारीख मी कोर्टाच्या रोजनाम्यातच लिहून ठेवली आहे. माझ्याजवळ आता एकच वही असते. तिच्या डाव्या पानावर डॉक्टर लिहितात आणि उजव्या पानावर वैद्य. दोघांची अक्षरे सारखीच अवाच्य आहेत. गेल्या तारखेला धारला वैद्यांनी चष्मा लावून डावे पान पुरते वाचण्याचा यत्न केला, मग वही माझ्याकडे वळवून म्हणाले, "हे तिसऱ्या ओळीत काय आहे, जरा फोन लावून विचारा." मी इंदूरला फोन लावला आणि तो त्यांच्या हाती दिला. ते दोघे बराच वेळ बोलले. मी ओसरीवर बसून राहिलो. माझ्या प्रकरणात मला कोणी काही विचारीत नव्हते.

घरी पोचावयास रात्र झाली. वाटेत एकदाच उतरलो होतो, आणि तेही चहासाठी. आई दारातच होती. मी चपला काढतो न काढतो तोच तिने विचारले, "गुळी घेतली वे, पूता?"